सुगीचा रविवार

दसरा सरला, पावसाने पाठ फिरवली की इगतपुरी तालुक्यात भाताची सोंगणी लागते. आधी हळवे भात, मग निमगरवे, आणि दिवाळी उलटून थंडी पडू लागली की गरवे. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस अंगावर घेणारा हा प्रदेश. उन्हाळ्यात राब भाजायचा, पाऊस लागला की रोप टाकायचे, आषाढात चिखलात वाकून आवणी करायची आणि मग पीक पदरात पडेपर्यंत आभाळाकडे बघत राहायचे. डोंगरउतारावर नागली, वरई, खुरासणी. खळ्यावर भात झोडून झाला की पोती घोटीच्या गिरण्यांकडे निघतात.

याच दिवसांत नाशिक जिल्ह्यातल्या आणि एकूण महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये एक रविवार वेगळा उगवतो. कुणी त्याला सुगीचा सण म्हणतात, कुणी हंगामाचा सण, तरुण मुले सरळ ‘हार्वेस्ट’ म्हणतात. पंचांगात त्याची तारीख नसते. पाळक आणि मंडळीची कमिटी मिळून ती ठरवतात, आणि पूर्वापार त्या भागातल्या पिकाकडे बघून ठरवतात. भाताच्या पट्ट्यात ऑक्टोबर-नोव्हेंबर, रब्बीच्या ज्वारी-गव्हाच्या पट्ट्यात थेट फेब्रुवारी-मार्च. एकाच धर्माचा, एकाच राज्यातला सण गावोगाव वेगळ्या रविवारी येतो, कारण पाऊस आणि जमीन गावोगाव वेगळी आहे.

त्या सकाळी वेदीपुढची जागा ओळखू येत नाही. भाताच्या लोंब्यांचे भारे खांबांना बांधलेले असतात. खाली अंथरलेल्या चादरीवर नागलीची कणसे, तांदळाच्या पिशव्या, लाल भोपळे, दुधी, वाल, मिरच्या, गुळाच्या ढेपा, तेलाचे डबे, अंडी. पाय बांधलेली कोंबडी मधूनच फडफडते आणि पोरांचे सगळे लक्ष तिकडे जाते. ज्यांना शेत नाही त्यांच्या घरून चकल्या, करंज्या, केक, विणलेला रुमाल. अर्पणाची वेळ आली की घरेच्या घरे उठून पुढे येतात. आजी पुढे, लेकी-सुना मागे, आणि वस्तू शक्यतो घरातल्या सगळ्यात धाकट्याच्या हातात दिलेली. पाळक त्या साऱ्यावर हात पसरून उपकारस्तुतीची प्रार्थना करतात. गीते ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातली. साथीला पेटी, तबला, कुठे कुठे टाळही.

बाहेरून बघणाऱ्याला हा साहेबांनी मागे ठेवलेला सण वाटतो. काही ख्रिस्ती घरांतही आता मोबाइलवर अमेरिकेतल्या ‘थँक्सगिव्हिंग’च्या टर्कीची चित्रे फिरतात आणि नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी एकमेकांना शुभेच्छा जातात. त्यात वाईट काही नाही. पण मराठी ख्रिस्ती माणसाचा आभाराचा सण त्या चित्रांतून आलेला नाही. त्याची मुळे इथल्या खळ्यावर आहेत. खळ्याच्या कडेला कोण उभे राहत होते आणि आत कोण बसत होते, हे विचारल्याशिवाय तो सण समजणार नाही.

त्यासाठी इगतपुरी हे गाव नीट बघायला हवे, कारण या गावात सुगी म्हणजे काय हा प्रश्नच अवघड आहे.

१ जानेवारी १८६५ रोजी कसारा ते इगतपुरी हा लोहमार्ग खुला झाला आणि थळघाट आगगाडीच्या कक्षेत आला. सदतीस फुटांत एक फूट चढणारा हा घाट. मुंबईकडून वर येणाऱ्या गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिने जोडावी लागत आणि आजही जोडावी लागतात. घाटमाथ्यावरच्या इगतपुरीत ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जी.आय.पी.) रेल्वेने लोको शेड, कारखाना, चाळी आणि बंगले बांधले. एका डोंगरी गावाचे दोन-तीन दशकांत रेल्वेगाव झाले. ड्रायव्हर, फायरमन, फिटर, गार्ड, पॉइंट्समन. त्यांत अँग्लो-इंडियन होते, गोवेकर होते, पारशी होते, दक्षिणेतून आलेले होते, आणि मागाहून अहमदनगर-नाशिक भागातली मराठी ख्रिस्ती कुटुंबेही आली. या माणसांमागोमाग प्रार्थनास्थळे आली. विल्यम टेलर हा अमेरिकन मेथडिस्ट प्रचारक १८७१ च्या अखेरीस मुंबईत आला आणि त्याच्या सभांचे लोण पुढच्या काही वर्षांत रेल्वेच्या रस्त्यानेच पसरत गेले. इंजिनाच्या पाळ्या संपवून आलेली माणसे संध्याकाळी कुणाच्या तरी क्वार्टरमध्ये जमत, गात, प्रार्थना करत. मेथडिस्ट मंडळी आणि कॅथलिक चर्च असे दोन्ही प्रवाह इगतपुरीत आहेत ते मुख्यतः या रेल्वेमुळे.

आता या माणसांनी सुगीच्या रविवारी वेदीपुढे काय ठेवायचे? त्यांच्याकडे नांगर नव्हता, खाचर नव्हते, राब भाजायला जमीन नव्हती. महिन्याच्या ठरल्या तारखेला पगार, रेल्वेची खोली, आणि पाळीचा भोंगा. सुगीचा सण हा शेतकऱ्याचा सण, आणि इथे तो मजूर-कामगारांनी पाळायचा होता.

त्यांनी पगार ठेवला. पाकिटात घालून, वर घराण्याचे नाव लिहून. पोराला नोकरी लागली की त्याचा पहिला पगार, निदान त्याचा मोठा हिस्सा, देवाच्या नावाने काढायचा, ही रीत मराठी ख्रिस्ती घरांत आजही मानली जाते. पवित्र शास्त्रात प्रथमफळ अर्पायला सांगितले आहे. ज्याला झाड नाही त्याने पहिल्या पगारालाच प्रथमफळ मानले. पाकिटाच्या जोडीला पुन्हा बाजारातून आणलेले तांदूळ, घरच्या कोंबडीची अंडी, क्वार्टरच्या मागच्या हातभर जागेत लावलेल्या वेलाचा भोपळा. त्या भोपळ्याचा मान मोठा असतो. जमीन नसलेल्या माणसाने मातीतून काढलेली ती एकुलती एक गोष्ट असते.

आता थोडे मागे जाऊ, कारण ‘साहेबांचा सण’ या समजात एक खरा धागा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही.

१६२० च्या हिवाळ्यात उत्तर अमेरिकेच्या प्लिमथ किनाऱ्यावर शंभराच्या आसपास इंग्रज उतरले आणि वसंत येईपर्यंत त्यांतले जवळजवळ निम्मे मेले. जे उरले त्यांना तिथल्या मूळ रहिवाशांनी मका पेरायला शिकवले. १६२१ च्या सुगीनंतर त्यांनी तीन दिवस मेजवानी केली. त्या मेजवानीला वांपानोग लोकांचा प्रमुख मॅसासॉइट नव्वद माणसे घेऊन आला होता आणि त्यांनी हरणे मारून आणली होती, असे त्या वेळच्या नोंदीत आहे. पुढे त्याच लोकांच्या जमिनी गेल्या. १९७० पासून त्यांचे वंशज थँक्सगिव्हिंगचा दिवस शोकाचा म्हणून पाळतात. न्यू इंग्लंडच्या वसाहतींत मात्र वर्षाअखेरीस आभाराचा दिवस जाहीर करण्याची चाल रुजली. यादवी युद्ध ऐन भरात असताना १८६३ मध्ये अब्राहम लिंकनने नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार साऱ्या देशासाठी जाहीर केला, आणि १९४१ च्या कायद्याने तो चौथा गुरुवार झाला.

आपला संबंध असा की महाराष्ट्रात पहिल्याने आलेले अमेरिकन मिशनरी याच न्यू इंग्लंडच्या घराघरांतले होते. बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाने पाठवलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले. त्यांच्यातूनच अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. १८३१ मध्ये अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) ठाणे झाले. १८४२ मध्ये तिथे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले. सिंथिया फरार या बाईंनी नगरला चालवलेल्या शिक्षणाच्या कामातून सावित्रीबाई फुल्यांना अध्यापनाचे धडे मिळाले. ही माणसे आपल्या घरचा नोव्हेंबर बरोबर घेऊन आली असणार, हे उघड आहे.

इंग्रजांचा धागा वेगळा. कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेन्स्टो या खेड्यात रॉबर्ट हॉकर नावाच्या धर्मगुरूने १८४३ मध्ये सुगीनंतर चर्चमध्ये खास उपासना ठेवली, आणि तिथून चर्च धान्या-भाज्यांनी सजवण्याची प्रथा इंग्लंडभर गेली. त्याच सुमारास नाशिकला इंग्रजांच्या चर्च मिशनरी सोसायटीचे काम चालू होते. सोसायटीने १८५४ मध्ये नाशिकजवळ शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत वसवली. आज नाशिककर रोज शरणपूर रोडवरून जातात, पण तिथे कोण राहिले होते हे फार थोड्यांना ठाऊक आहे. अरबी समुद्रात गुलामांची गलबते पकडून इंग्रजी आरमार ज्या आफ्रिकन मुलांना सोडवून मुंबईला आणी, त्यांतली कित्येक शरणपुरात वाढली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. घाटातून रेल्वे वर आली त्याच १८६५ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टनने आपल्या अखेरच्या मोहिमेसाठी इथले नऊ तरुण निवडून नेले. इथेच शिकलेला जेकब वेनराइट १८७४ मध्ये लिव्हिंग्स्टनच्या शवपेटीसोबत लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीपर्यंत गेला. घरदार, आईबाप, भाषा सगळे हिरावलेल्या पोरांनी नाशिकच्या मातीत उभे राहून देवाचे आभार मानले असतील, तेव्हा त्या आभारात काय काय असेल याचा विचार मला स्वस्थ बसू देत नाही.

बोस्टन आणि कॉर्नवॉल, दोन्हीकडून सणाचा आकार आला. जीव इथला आहे.

कोकणात आणि घाटमाथ्यावर नवे भात घरात येते तेव्हा दाराला नवे बांधतात. नवान्न पौर्णिमेला नव्या तांदळाचा नैवेद्य होतो. इगतपुरी-अकोले पट्ट्यातल्या महादेव कोळी, ठाकर, कोकणा समाजांत देवाला दाखवल्याशिवाय नवे धान्य तोंडात घालत नाहीत. यांच्याच शेजारपाजारची माणसे ख्रिस्ती झाली. नवे आधी देवाला, मग आपल्याला, ही शिकवण त्यांना मिशनऱ्याकडून घ्यावी लागली नाही.

आणि आता खळ्याकडे येऊ.

अमेरिकन मराठी मिशनच्या नगरकडच्या मंडळ्यांत आलेली बहुसंख्य कुटुंबे महार आणि मांग समाजांतली होती. गावगाड्यात त्यांचा सुगीशी संबंध काय होता? शेतकऱ्याचे धान्य खळ्यावर तयार झाले की बलुतेदाराने कडेला उभे राहायचे आणि वाट्याला येईल ते पदरात घ्यायचे. वर्षभर वेठ करायची आणि सुगीला मागायचे. त्यांच्या बाया शेत निघून गेल्यावर मागे राहिलेला सरवा वेचत. बायबलमधल्या रूथच्या गोष्टीत परक्या मुलखात आलेली विधवा सून बवाजाच्या शेतात सरवा वेचते, ती गोष्ट या मंडळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या आवडीने सांगितली जाते. ऐकणाऱ्या बायकांच्या हाताला ते काम ठाऊक होते. मोशेच्या नियमशास्त्रात शेताचे कोपरे कापू नका, पडलेली कणसे उचलू नका, ती गरिबांची आणि परक्यांची आहेत, अशी आज्ञा आहे. ती त्यांना आपल्या बाजूची वाटली असेल तर नवल नाही.

अशा माणसाने सुगीच्या रविवारी स्वतःच्या हाताने पायलीभर धान्य देवापुढे ठेवणे, ही किती मोठी उलथापालथ आहे! ज्याला गावाने फक्त घेणारा म्हणून ओळखले होते तो देणारा झाला. त्याच्या देण्याला देवळात, म्हणजे चर्चमध्ये, जागा होती, त्यावर प्रार्थना होत होती, त्याचे नाव वाचले जात होते. सणाचा खरा गाभा मला इथे दिसतो. आभार मानायला हातात काहीतरी असावे लागते, आणि ज्याच्या हातात कधी काही ठेवले गेले नाही त्याला आभार मानायला मिळणे हीच मोठी गोष्ट.

रेल्वेतला पगार याच रांगेतला. बलुते खळ्यावर मिळे ते मालकाच्या मर्जीने. पगार मिळे तो हजेरीपटावर, रोख, नावाने. कायद्याने महार वतन गेले ते १९५८ मध्ये, पण रेल्वेने आणि गिरणीने त्या आधीच कित्येकांना वतनातून बाहेर काढले होते. म्हणून इगतपुरीच्या वेदीवरचे पगाराचे पाकीट आणि नगरकडच्या वेदीवरचे ज्वारीचे कणीस एकच गोष्ट सांगतात.

दुष्काळांनी या सणाला आणखी खोली दिली. १८७६–७८, १८९६–९७ आणि १८९९–१९०० अशा तीन दुष्काळांतून दख्खन गेला. मिशनच्या आवारांत पोरक्या मुलांची दाटी झाली. पंडिता रमाबाईंनी दुष्काळी मुलखांतून मुली आणि विधवा आणून केडगावला ठेवल्या. त्यांचे मुक्ती मिशन शेतीवर, विहिरींवर आणि हस्तोद्योगांवर उभे राहिले. दुष्काळातून वाचलेल्या मुलीने पुढे म्हातारपणी सुगीला मूठभर दाणे देवापुढे ठेवले तर ते दाणे वजनात मोजता येत नाहीत.

या सणाला मराठी सूर मिळाला तो मात्र नारायण वामन टिळकांमुळे आणि त्यांच्या आधीच्या काही कीर्तनकारांमुळे. नगरच्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. टिळकांना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाने नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांनी वारकरी परंपरेचा अभंग, भजन, टाळ ख्रिस्ती उपासनेत आणले आणि मराठी ख्रिस्ती माणसाला आपल्या चालीत देवाशी बोलता येऊ लागले. आभाराचा सण आज विलायती चालीवर होत नाही, टाळ-पेटीवर होतो, यात त्यांचा वाटा फार मोठा आहे.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर याच जिल्ह्याच्या. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची ही लेक. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा घर मोडले, पाच वर्षांनी १९०० मध्ये त्यांनी स्वतःही बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे त्या दोघांच्या घरात पोटच्या मुलांइतकीच परकी मुले वाढली. अखेरची वर्षे त्यांनी नाशिकला काढली. १९३६ मध्ये त्या गेल्या. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचताना जाणवते की त्यांच्या घरात कुणी पाहुणा नव्हता आणि कुणी परका नव्हता. जे असेल ते सगळ्यांच्या पानात. उपकारस्तुती घरात कशी दिसते याचा याहून चांगला नमुना मराठीत मला माहीत नाही.

कारण हा सण रविवारी देवळात सुरू होतो आणि घरात पुरा होतो. मराठी ख्रिस्ती घरांत उपकारस्तुतीची प्रार्थना वर्षभर कधीही ठेवतात. पोरगी दहावी पास झाली, आजारातून कुणी उठले, नवी खोली घेतली, बाळंतपण सुखरूप झाले. पाळकांना बोलावतात, शेजारीपाजारी येतात, दोन गीते, एक स्तोत्र, घरातले वडीलधारे उठून काय घडले ते सांगतात, मग प्रार्थना आणि चहा-फराळ. यात सांगणे महत्त्वाचे. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात प्रथमफळांची टोपली आणणाऱ्याला नुसती टोपली ठेवून जायला सांगितलेले नाही. आपला पूर्वज भटका होता, आम्ही दास्यात होतो, आम्हाला बाहेर काढले, हा सगळा इतिहास त्याने मोठ्याने सांगायचा असतो, आणि मग देवसेवेत असलेला लेवी आणि परका यांना घेऊन जेवायचे असते. घरातली आजी जेव्हा उभी राहून सांगते की आम्ही नगरकडून आलो तेव्हा एकच पातेले होते, तेव्हा ती तेच करत असते. नातवंडांना आपल्या घराण्याचा इतिहास बहुधा याच प्रार्थनांतून कळतो.

सुगीच्या रविवारचे जेवण मात्र खास. मटण किंवा कोंबडी, नव्या तांदळाचा भात, तांदळाच्या किंवा बाजरीच्या भाकरी, गोडाला शेवयांची खीर. नोकरीनिमित्त कल्याण-ठाण्याला किंवा पुण्याला गेलेली मुले शक्य तर येतात. इगतपुरीसारख्या गावात घराण्याघराण्यांतली माणसे रेल्वेनेच विखुरली आणि रेल्वेनेच परत येतात.

किनाऱ्यावरच्या भावंडांकडेही एकदा बघून येऊ. मुंबई, ठाणे, वसईच्या ईस्ट इंडियन कॅथलिक समाजात ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा होतो. भाताच्या लोंब्यांवर आशीर्वाद मागून त्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात. बायका ठेवणीतली लुगडी नेसतात. मुंबईच्या पोटातली त्यांची शेते आता इमारतींखाली गेली, तरी लोंब्या मिळवतात आणि सण सोडत नाहीत. गोव्यात राय या गावी ५ ऑगस्टला आणि ताळगावला २१ ऑगस्टला कणसांचे फेस्त होते. मंगळूरच्या कोकणी कॅथलिकांकडे ८ सप्टेंबरच्या मोंतीच्या सणाला नव्या भाताचे दाणे घरातल्या प्रत्येकाच्या वाट्याला यावेत म्हणून परदेशी असलेल्यांना ते टपालाने पाठवले जातात. वसईत तर शेत आणि श्रद्धा यांचे नाते रस्त्यावर येऊन लढले: फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली, ती विहिरी आणि वाड्या वाचवण्यासाठी. पिकाबद्दल देवाचे आभार मानणाऱ्याने पीक देणारी जमीन राखली पाहिजे, हे त्यांनी बोलून दाखवले आणि करूनही दाखवले.

पुन्हा आपल्या रविवारकडे. उपासना संपली की बाहेरच्या आवारात लिलाव लागतो. माझ्या मते सणाचा सगळ्यात जिवंत भाग हाच. वेदीपुढच्या सगळ्या वस्तू बाहेर येतात. मंडळीतला एखादा खणखणीत आवाजाचा माणूस खुर्चीवर उभा राहतो आणि भोपळा वर धरतो. पन्नास एकवार, पन्नास दोनवार, तेवढ्यात मागून कुणी साठ पुकारतो. बाजारात तीस रुपयांना मिळणारा भोपळा तीनशेला जातो, आणि घेणारा तो उचलून पुन्हा खुर्चीवर ठेवतो: परत विका. एकच भोपळा दोनदा, तीनदा विकला जातो. एखाद्या म्हाताऱ्या बाईने आणलेली चार अंडी आली की तरुण पोरे मुद्दाम बोली चढवतात, आणि त्या दिवसाची सगळ्यात मोठी बोली बऱ्याचदा त्या अंड्यांवरच लागते. बायबलमधल्या गरीब विधवेने दानपेटीत टाकलेल्या दोन टोल्यांची, म्हणजे दोन छोट्या नाण्यांची, गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. इथे ती खेळता खेळता खरी करतात. लहान मुलांना दहा-दहा रुपये दिलेले असतात, त्यांनाही बोली लावायची असते. कोंबडी कुणाकडे जाते यावर हशा पिकतो. जमलेल्या पैशातून देवळाचे पत्रे बदलतात, पाळकांचे मानधन भागते, मंडळीतल्या कुणाचे औषधपाणी होते.

लिलावात कुणालाही आडकाठी नसते. शेजारचे हिंदू, मुसलमान, बौद्ध कुटुंब थांबले तर त्यांचीही बोली धरतात. इगतपुरीसारख्या गावात, जिथे रेल्वेच्या चाळींत सगळ्यांनी एकाच नळावर पाणी भरले, तिथे हे वेगळे सांगावे लागत नाही. एका टेकाडावर म्यानमारहून आलेली विपश्यना १९७६ पासून नांदते आहे, खाली दर्गे आहेत, देवळे आहेत, चर्चे आहेत. या गावाला सगळ्यांची सवय आहे.

बदल होत आहेत आणि ते सगळेच मला रुचत नाहीत. शहरांतल्या मोठ्या मंडळ्यांत सुगीचे अर्पण म्हणजे आता नुसते पाकीट, कधी क्यूआर कोडवर पाठवलेली रक्कम. हिशेब सोपा होतो, वेळ वाचतो, खरे आहे. पण पोराच्या हातात ठेवायला काही उरत नाही. वेदीपुढे सजावटीसाठी बाजारातून सफरचंदे आणि प्लास्टिकची कणसे येतात, आणि तालुक्यातला तांदूळ ज्या बाईने गुडघाभर पाण्यात उभे राहून लावला ती त्या उपासनेत कुठेच नसते. रेल्वे कामगारांनी पाकीट ठेवले कारण त्यांच्याकडे तेच पीक होते. आपण ते ठेवतो कारण सोपे आहे. या दोन पाकिटांत फार अंतर आहे.

म्हणून मंडळ्यांना एक विनंती आहे. पाकिटे जरूर घ्या, पण वेदीपुढे एक भारा तरी तुमच्याच तालुक्यातल्या भाताचा ठेवा, तो ज्याने पिकवला त्याच्याकडून रास्त भावाने विकत घेऊन ठेवा, आणि त्याला किंवा तिला त्या दिवशी पुढच्या बाकावर बसवा, ती व्यक्ती कोणत्याही धर्माची असो. लेवी आणि परका यांना जेवायला घ्यायची आज्ञा याहून सोप्या रीतीने पाळता येणार नाही.

आणि वाचकांना एवढेच सांगणे: तुमच्या गावात, तुमच्या पेठेत ख्रिस्ती मंडळी असेल तर त्यांचा सुगीचा रविवार कधी आहे ते दिवाळीच्या फराळाचे ताट घेऊन जाल तेव्हा विचारून ठेवा. त्या दिवशी उपासना संपायच्या सुमारास आवारात पोहोचा आणि पहिल्याच भोपळ्यावर बोली लावा.